पणजीत तीन तास

बोटीने पणजी बघायला जायचं आणि त्याच बोटीने परत यायचं, ही आमच्या मालवणात एका हंगामापुरती आलेली साथ होती. गोवा मोकळा झाला, मुंबईची बोट वेंगुर्ल्याच्या पुढे पणजीपर्यंत जायला लागली, आणि ज्यांचं तिथे काडीचं काम नव्हतं तेही तांब्या नि भाकऱ्या बांधून निघाले. बोट सकाळी पणजीला लागायची, तीन तास थांबायची आणि उलट फिरायची. तेवढ्यात माणसं शहर बघून यायची आणि पुढे महिनाभर त्याची वर्णनं सांगून आम्हाला पिडायची.

मला मात्र काम होतं. माझी थोरली बहीण पणजीला दिली होती. तिला आम्ही अक्का म्हणायचो. ती लग्न होऊन गेली आणि दोन-तीन वर्षांत गोव्याची वाट बंद झाली. पत्रं यायची, तीही कुठे कुठे फिरून, शिळी होऊन. सात वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. त्या सात वर्षांत माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि आमची आई गेली. अक्का आली नाही. येणार कशी?

वाट मोकळी झाल्यावर तिचं पहिलं पत्र आलं. त्यात मजकूर असा थोडाच होता. आईचं शेवटचं सगळं मला समोर बसून सांग, पत्रात लिहू नकोस, एवढंच.

लिहिण्यासारखं नव्हतंच ते. आई शेवटचे दिवस अक्काला हाका मारत होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं तिला. घटकेघटकेला विचारायची, "थोरली इली काय गो?" पहिले दोन दिवस मी "येतली, येतली" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून अक्काचा आवाज काढला आणि म्हटलं, "इलंय गो आये." आई शांत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. हे मी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. अक्काच्या वाटणीचं काहीतरी मी चोरून खाल्लं, असं मला वाटत राहिलं. ते तिच्यासमोर बसून कबूल करायचं होतं आणि त्यासाठी माझ्या हाती तीन तास होते.

तीनच, कारण खळ्यात भात पडलं होतं. सासूबाईंना आम्ही मामी म्हणायचो. मामींनी एका वाक्यात निकाल दिला, "जातली ती बोट, येतली ती बोट. थंय ऱ्हवाचा नाय." आणि सून एकटी कशी पाठवायची म्हणून स्वतःच निघाल्या. मुलं जावेकडे राहिली.

आता मी केलेला शहाणपणा ऐका. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि अक्कल माझ्या मागून पुढच्या बोटीने यायची होती. बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे ठीक. पण मी तीन रात्री चुलीपुढून उठलेच नाही. दिवसा खळ्यावरचं काम, आणि ते आटोपलं की खाजं तळ, कुळीथ भाजून दळ, लाडू वळ. त्यात फणसाची साठं, सोलं, आणि सुक्या सुंगटांची एक पुरचुंडी. पणजीला, नदीकाठी, समुद्राच्या तोंडाशी राहणाऱ्या बहिणीसाठी मी मालवणहून सुकी मासळी घेऊन निघाले होते. मामी म्हणाल्या, "थोडा समुद्राचा पाणी पण घे बाटलीत." मला तेव्हा हे टोचून बोलणं कळलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "सांडात ना मामी."

सगळ्यात वर आईचं एक लुगडं ठेवलं. आईची लुगडी आम्ही वाटून घेतली तेव्हा अक्काचं म्हणून बाजूला काढलेलं. बोचकं एवढं झालं की ते मी उचललंय की त्याने मला, ते लांबून समजत नसे.

आणि अंगावर नायलॉनची गोल साडी. मालवणात नुकती आली होती. आपली धाकटी बहीण किती सुधारली ते अक्काला दिसायला नको? पायांत नव्या सँडल, अर्धा नंबर लहान, कारण त्या रंगात तेवढाच नंबर होता.

आमच्या बंदरात बोट काठाला लागत नाही. आत खडक आहेत. ती लांब उभी राहायची आणि आम्ही पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, तिच्यापर्यंत जायचो. पडाव लाटेवर वर आला की बोटीच्या कुशीतल्या दारातला खलाशी दंड धरून आत खेचायचा. नायलॉनच्या साडीत हे करून बघा. मला खेचलं, बोचकं खेचलं, मामी मात्र खलाशाचा हात झिडकारून एकट्याच चढल्या आणि आत जाऊन पसरल्या. मला बसायलाही जागा उरली नाही. मी बोचक्यावर बसले, आणि वेंगुर्ल्यापर्यंत पोटातलं सगळं समुद्राला वाहून मोकळी झाले. जागरणाची चौथी रात्र ती. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं.

वेंगुर्ल्याला मी एक गोष्ट नीट बघून ठेवली. तिथेही पडाव आले, ह्याच दाराला लागले, आणि दाराजवळ बसलेली माणसं पहिल्या पडावात उतरली. मागची ताटकळत राहिली. माझ्या डोक्यात उजेड पडला. पणजीला वेळ घालवायचा नाही, दाराजवळ आधीच बसायचं!

पणजी जवळ आली तशी मी मामींना उठवलं, बोचकं ओढत दाराशी नेलं आणि ठाण मांडून बसले. बोट नदीत शिरली. हळू झाली. थांबली. मागे एकच गलका उठला, माणसं ट्रंका घेऊन भलत्याच बाजूला धावायला लागली. मी मामींना म्हटलं, "बघा मामी, मुंबईची माणसां. पडाव हय लागतले आणि ही धावतत थंय."

"खुळी आसत," मामी म्हणाल्या.

आम्ही दोघी समोरच्या पाण्याकडे बघत बसलो. पाणी छान होतं. लांबून एक होडी जाताना दिसली तेव्हा मी उठून पदर सारखा केला. ती गेली निघून. गलका संपला. बोटीत इतकं सामसूम झालं की मामींनी पुन्हा डोळे मिटले. मी मनातल्या मनात अक्काला सांगायची वाक्यं जुळवत होते. पहिलं वाक्य असं असावं, मग दुसरं तसं. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

एक खलाशी बादली घेऊन जमीन धुवायला आला. आम्हाला बघून थबकला.

"गे बायांनो, तुमका उतराचा नाय?"

"उतराचा आसा तर! पडाव खंय रवले?"

"पडाव?" त्याने बादली खाली ठेवली. "खंयचो पडाव?"

"काठार जावचो."

 त्याने आम्हाला बोटाने खूण केली, मालाच्या गोण्यांना वळसा घालून पलीकडच्या बाजूला नेलं. तिकडे बोट सरळ धक्क्याला टेकलेली. फळी टाकलेली. फळीच्या टोकाला जमीन, जमिनीवर रस्ता, रस्त्यावर झाडं, आणि झाडाखाली एक कुत्रा झोपलेला. सगळी बोट कधीच चालत उतरून गेली होती. आणि मी, मालवणची हुशार मुलगी, नदीकडे तोंड करून पडावाची वाट बघत बसले होते.

मामी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मुंबईची माणसां खुळी आसत गो."

ह्या बोटीने येते म्हणून अक्काला मी कळवलं होतं, पण धक्क्यावर कुणी नव्हतं. एक बाई केळी विकत होती, तिला विचारलं. ती म्हणाली, एक बाय उभी होती खूप वेळ, येणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड बघत होती, शेवटी गेली. मला तिथेच रडू फुटलं. अक्काला वाटलं असणार, मी आलेच नाही.

मामी धक्क्यावरच्या एका दगडावर बसल्या आणि पाय पसरले. "माझे पाय गेले. तू जा. मी हयच बसतंय. बोट सुटूक लागली तर फळयेर आडवी पडतंय, माका तुडवून कोण सुटता ता बघतंय." मामींचं पणजी दर्शन ते एवढंच. दगडावरून दिसलं तेवढं.

अक्काने पत्ता लिहिला होता तो असा: देवळामागच्या चढणीवर, निळ्या खिडक्यांचं घर. घरी वाचताना मला वाटलं, निळ्या खिडक्या, मग काय चुकणार! पणजीच्या त्या चढणीवर निळ्या खिडक्यांवाचून एक घर असेल तर शपथ. ऊन चढलं होतं. नायलॉन अंगाला चिकटून बसलं होतं. बोचकं या काखेतून त्या काखेत घेत मी दारोदार विचारत सुटले, आणि तेही पुस्तकी मराठीत, कारण मी सातवी पास. "आपणांस ठाऊक आहे का, येथे अमुक राहतात?" माणसं तोंडाकडे बघायची. दोन दारांवर उत्तरच मिळालं नाही. तिसऱ्या दारी एका म्हातारीने कोकणीत काही विचारलं तेव्हा माझा धीर सुटला आणि तोंडून आपलं घरचंच निघालं, "माझ्या भैणीचा घर खंय गो आजये? मालवणची ती." म्हातारीने लगेच हात केला. वरच्या अंगाला, तिसरं.

टाचेवर फोड आला आणि फुटला. मी सँडल काढून हातात घेतल्या आणि पायांना चटके देणाऱ्या त्या चढणीवर अनवाणी चढले. सुधारलेली धाकटी बहीण ती ही अशी.

अक्का दारातच होती. मुलांची धुतलेली कापडं झटकत होती. मला बघून तिच्या हातातलं कापड तसंच राहिलं. मी सात वर्षं ठरवलं होतं की तिला बघितल्यावर काय बोलायचं, आणि बोलले काय, तर "पडाव इलोच नाय गो." आणि तिच्या गळ्यात पडले. तिला काही कळलं नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "बस, बस हय. पाणी दितंय, मगे बोल."

ओसरीवर लाकडी बाक होता. गार. मी बसले. आतून माठाचं झाकण वाजलेलं ऐकू आलं. घड्याळात पाहिलं, बोटीला अजून तासाहून जास्त वेळ होता. पुरे होता. भिंतीला डोकं टेकलं, क्षणभरच म्हणून.

"ऊठ गो. ऊठ. बोटीचो भोंगो झालो."

मी डोळे उघडले. ऊन बाकाच्या या टोकावरून त्या टोकाला गेलं होतं. माझ्या डोक्याखाली उशी होती. माझ्या टाचेला हळद लावलेली. बोचकं उघडून त्यातलं सगळं जिथल्या तिथे डब्यांत भरलेलं. अक्का माझ्या पायाशी जमिनीवर बसली होती, मांडीवर आईचं लुगडं.

सात वर्षांनी भेटलेल्या बहिणीसमोर मी तासभर झोपा काढल्या होत्या. आता ह्या वयात कुणी बोलता बोलता डुलकी काढली की मी समजून घेते, पण बाविसाव्या वर्षी? मी तिच्यावरच ओरडले.

"उठवलंस कित्याक नाय?"

"तीनदा हाक मारलंय. तू घोरत हुतंस."

"मी घोरणय नाय!"

"घोरतंस. आयेसारखी. मधी थांबतंस आणि मगे एकदम..." तिने आवाज काढून दाखवला. हुबेहूब आई. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. 

दुसरा भोंगा वाजला. आम्ही निघालो. अक्काने माझा हात धरला होता, दुसऱ्या हातात माझ्या सँडल. उतार होता म्हणून बरं, पाय आपोआप पडत होते. अंगात बळ असं काही उरलं नव्हतं. जुळवून ठेवलेली वाक्यं झोपेत कुठे सांडली होती. देवळापाशी आल्यावर मी तशीच धापा टाकत बोलून टाकलं.

"अक्का, आये तुझी वाट बघी. दिसा नाय तिका. मी तुझो आवाज काढलंय. इलंय म्हणान सांगलंय."

अक्का चालत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगायचं त्राण नव्हतं.

मग ती म्हणाली, "काय म्हणाली आये?"

"म्हणाली, इलंस? बरा झाला. गोव्यात जावन तुझो आवाज बारीक झालो. सासरची जेवूक घालतत मगे?"

अक्काने पदर तोंडाला लावला. ती हसत होती. रस्त्यात, भर उन्हात, खांदे हलवत हसत होती. "आणि?"

"आणि म्हणाली, धाकटीक सांग जावन नीज म्हणान. तीन दीस डोळो मिटूक नाय तिना. आता तू आसस ना माझ्याकडे."

आता ती हसत नव्हती. उभी राहिली. मी म्हटलं, झालं, आता बोलेल. जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच ठरवून मी जमिनीकडे बघत राहिले.

"मगे निजलंस?" तिने विचारलं.

"कशी निजतलंय? मी निजलंय असतंय तर आयेकडे कोण बसतला? मीच तू हुतंय."

तिने माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघत होती असं मला वाटलं, पण तेवढा वेळ कुठला असायला? खाली धक्क्यावरून मामींची हाक येत होती. माझं नाव घेऊन, मग माझ्या माहेराचं नाव घेऊन, मग जे सुचेल ते. फळीच्या तोंडाशी त्या खरोखरच बसल्या होत्या आणि दोन खलाशी त्यांच्या पाया पडायचे तेवढे बाकी होते.

अक्काने माझा हात सोडला नाही. धक्क्यापर्यंत चालत आली. फळीजवळ थांबून, मामींना नमस्कार करून, माझ्या हातात सँडल देत हळूच म्हणाली,

"आणि मी काय म्हटलंय तिका?"

मला आधी समजलं नाही. मग समजलं.

"तू म्हटलंस, होय आये. आता मी खंय जाणय नाय. तू नीज."

अक्काने मान हलवली. जराशी, स्वतःशीच.

"बरा म्हटलंय," ती म्हणाली.

तिची मुलं शाळेतून यायची वेळ झाली होती, त्यामुळे ती थांबली नाही. बोट सुटायच्या आत चढणीकडे वळलीसुद्धा. मामींनी मला गोण्यांच्या आडोशाला थोडी जागा करून दिली आणि म्हणाल्या, "आता नीज थोडी, तोंड बघ तुझा." मी आडवी झाले. अंग दगडासारखं जड होतं. पण मालवणचा पडाव दाराला लागेपर्यंत मला झोप आली नाही.